ठासणीच्या बंदुकीत माझं पत्रक

कवठे येमाईच्या माझ्या मामांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. माणूस प्रेमळ, पण शिकारी. आणि शिकारीला माझा जाहीर विरोध होता, आजही आहे. नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाताळच्या सुट्टीत तळेगाव ढमढेऱ्याहून जीपनं मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा माझ्या पिशवीत कपडे कमी आणि पत्रकं जास्त होती. ‘मुक्या जिवांची शिकार बंद करा.’ गुलाबी कागद, सहा कलमं, सगळी मीच लिहिलेली.

गावात कुणी ते हातात धरेना. पारावरच्या एका आजोबांनी उलटसुलट करून विचारलं, “सोसायटीची निवडणूक लागली का काय?” मामांनी मात्र आपणहून मागून घेतली. एकदा मूठभर, आणि संध्याकाळी पुन्हा मूठभर. मला भरून आलं. चळवळीला गावात पहिला माणूस मिळाला, तोही सख्खा मामा.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावर पाहिलं, तर मामा माझ्या पत्रकाचा बोळा करत होते.

त्यांच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. तिला काडतूस लागत नाही. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग कागदाचा बोळा, मग छर्रे, त्यावर आणखी एक बोळा, आणि दर खेपेला वरून लोखंडी गजानं ठासायचं.

“मामा, हे काय चाललंय?”

“हरभऱ्यात ससा येतोय. आज सांजच्याला बघतो त्याला.” मामांनी गज खालीवर केला. “कागद झ्याक हाय तुझा. पेपरचा बोळा ढिला बसतो.”

मी तिथंच, उभ्या उभ्या उपोषण जाहीर केलं. सशाला अभय मिळेपर्यंत या घरात अन्नाचा कण घेणार नाही. आमच्याकडे भाची मामाच्या घरून उपाशी गेली तर मामाला गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मामी पिठाच्या हातानंच बाहेर आली.

“भाची दारात उपाशी, आन् तुम्ही ससा आणणार? शिजवणार कोण त्यो? मी न्हाई.”

मामा जरा नरमले. “बरं. मी भरतो, तू वाच. पटलं तर बघू.”

मी पायरीवर उभी राहून सभेत वाचावं तसं वाचायला लागले. पहिल्या कलमाला मामा “व्हय” म्हणाले आणि बोळा ठासला. दुसरं कलम कायद्याचं होतं.

“परवाना हाय माझ्याकडं.”

“बंदुकीचा आहे. सशाचा नाही.”

“ससा माझ्याच रानात ऱ्हातो.”

“म्हणून तो तुमचा झाला? त्याला विचारलंत?”

वादाच्या भरात मामा हातातलं काम विसरायचे. मग आठवण झाल्यासारखं करून नवं पत्रक फाडायचे, बोळा करायचे, रागारागानं ठासायचे. चौथ्या कलमाला मामी म्हणाली, “किती कोंबताय? गादी हाय का ती?” सहावं कलम संपेपर्यंत सांज झाली, तरी मामांना काहीही पटलेलं नव्हतं. त्यांनी बंदूक खांद्यावर टाकली आणि ते निघाले.

मीही मागोमाग निघाले. ऐन वेळी टाळ्या वाजवून ससा पळवायचा, असा माझा बेत होता. मामी आमच्या दोघांवर लक्ष ठेवायला आली. बांधाच्या आडून पाहिलं, तर ससा हरभऱ्यात निवांत बसून खात होता. मी हात वर केले, तेवढ्यात बार झाला.

धूर निवळला तेव्हा मामा ढेकळांत बसलेले होते. हरभऱ्यावर गुलाबी कपटे पडत होते. ससा कान ताठ करून जागच्या जागी. पुढ्यात पडलेल्या कपट्याचा त्यानं वास घेतला, तो नापसंत केला आणि चालत, अगदी चालत, बांधापलीकडे गेला.

मामांनी खिसा चाचपला. छर्ऱ्यांची पुरचुंडी बाहेर काढली. गाठसुद्धा सुटलेली नव्हती.

“छर्रे घालायचेच ऱ्हायले,” ते म्हणाले. “तुझ्या सहा कलमांपायी.”

मामीला हसू आवरेना. घरी येऊन तिनं पिठलं टाकलं. मी उपोषण सोडलं आणि तीन भाकरी खाल्ल्या. मामांनी जेवण उरकलं. मग हात धुता धुता म्हणाले, “उरलेली पत्रकं हितंच ठेव.”

“कशाला?”

“वाचतो की.”

मी एकही ठेवलं नाही. चळवळीच्या पुढच्या बैठकीत अहवाल मात्र खराच दिला: कवठे येमाईत आपलं पत्रक एका सशानं हुंगलं, आणि तो जिवंत आहे.