चिमनी घराची, खोकला माझा

लोकांच्या चिमनीत तेलकट मळ साचतो. आमच्या चिमनीवरून नुसते किस्से साचलेत! मळ साचायला ती चालू तर राहायला हवी ना? फोडणी मी द्यायची, धूर मी खायचा, खोकला मला. आणि बाकी घर चिमनीचं कौतुक करत बसतं. ऐकाच आता.

*

राऊ भागातल्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा मी हट्टच धरला, किचनमध्ये चिमनी पाहिजे. आली. फिटिंगवाला म्हणाला, "भिया, पाइप बाहर निकालना पड़ेगा. दीवार में होल कर दूँ?"

आमचे हे ओरडलेच, "अरे नहीं! अभी तो टाइल्स लगवाई हैं!"

झालं! पाइप लागलाच नाही. आता चिमनी गॅसवरचा धूर ओढते आणि वरच्या जाळीतून पुन्हा किचनमध्येच सोडते. मी म्हटलं, "अहो, धूर घरातच राहतोय!" तर म्हणे, "पण फिल्टर होऊन येतो ना!"

*

बरं, ती तरी लावू द्यावी? बटन दाबलं की हॉलमधून हाक, "अगं, बंद कर ते! कॉमेंट्री ऐकू येत नाहीये!"

बंद केली. मिरचीचा खाट उठला, मला ठसका लागला. तर यांनी काय करावं? टीव्हीचा आवाज वाढवला!

*

मग भांडून खिडकीत एक्झॉस्ट फॅन बसवून घेतला. पण सासूबाईंचा देव्हारा किचनमध्येच. फॅन लावला की निरांजन फडफडतं. म्हणून नियम निघाला, दिवा शांत झाल्याशिवाय फॅन लावायचा नाही. आणि पूजा कधी? बरोब्बर माझ्या पोळी-भाजीच्या वेळेला!

मी म्हटलं, "आई, धुरानं देवसुद्धा काळे पडलेत हो."

"त्यांना मी चिंच लावून घासते ना!"

आणि माझ्या फुप्फुसांना कोण चिंच लावणार?

*

पाहुणे आले की मात्र बघा थाट! गॅस बंद, ओट्यावर चहाचं भांडंसुद्धा नाही, आणि हे चिमनीसमोर हात हलवून दाखवतायत, "देखो, बिना हाथ लगाए चालू!" पाहुणे म्हणतात, "वाह भिया, क्या खींचती है!" अरे, खींचायला आहे काय तिथं?

मग मी भजी तळायला घेते. लगेच हे, "आता बंद कर हं, आपण बोलतोय ना."

*

खोकला काही जाईना, म्हणून तुकोगंजला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी छाती तपासली आणि विचारलं, "घरात कोणी सिगरेट ओढतं का?"

"छे छे!" हे म्हणाले. "आमच्याकडे तर चिमनीसुद्धा आहे. टॉप मॉडेल!"

"चालू असते?"

"हो तर! कोणी आलं की!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "काही दिवस यांना फोडणीजवळ उभं करू नका. छाती खराब होत चालली आहे." गाडीत हे डॉक्टरांची चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचत होते. मला वाटलं, चला, शिरलं डोक्यात!

*

दुसऱ्या दिवशी सकाळी हे कंबर कसून किचनमध्ये. "तू बस आरामात. पोहे मी करतो, त्यात काय एवढं!" कडकडीत तेलात मूठभर मिरच्या पडल्याचा आवाज मी बाहेर बसून ऐकला. मग एक ठसका, मग दुसरा, मग झारा खाली पडल्याचा आवाज. हे डोळे चोळत, भिंत धरत हॉलमध्ये आले आणि सोफ्यावर कोसळले. मी धावत जाऊन गॅस बंद केला, पाणी आणून दिलं, पाठ चोळली.

श्वास जागेवर आला तसे माझ्यावरच उखडले, "एवढा धूर होतो तिथं? मग आजवर एकदा तरी बोलायचंस ना!"