आबांची गाठी

पाडवा जवळ आला आणि भोरच्या बाजारात गाठ्यांच्या माळा टांगलेल्या दिसल्या की माझं डोकं दुखायला लागतं. दोऱ्यात ओवलेली साखरेची ती पांढरी, गुलाबी पदकं बघून लोकांना सण आठवतो. मला माझ्या सासऱ्यांची रक्तातली साखर आठवते.

त्यांना घरात सगळे आबा म्हणतात. वय पंच्याहत्तरच्या पुढं. वेल्ह्याच्या वर डोंगरात आमची वाडी आहे, तिथं ते अजून शेळ्या राखतात. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. मी आणि माझा नवरा नोकरीमुळं भोरला राहतो. आबांना आमच्याकडं राहायला या म्हटलं की ते विचारतात, "आन शेळ्या कुठं बांधू, तुमच्या ग्यालरीत?" म्हणून ते वाडीवर, त्यांच्या जेवणाचं शेजारच्या घरातली माझी चुलत जाऊ बघते, आणि गोळ्यांचं मी फोनवरून बघते.

पाडव्याला मात्र आम्ही वाडीवर जायचंच. गुढी तिथंच उभी राहायची आणि गाठी आबा सांगतील तशीच लागायची. पांढरी, जाड, मधलं पदक तळहाताएवढं. गुलाबी चालत नाही. "ती पोरींची," म्हणतात. पूजा झाली की घरातल्या प्रत्येकाच्या गळ्यात एकेक गाठी घालायची आणि एक पदक कळपातल्या सगळ्यात म्हाताऱ्या शेळीला भरवायचं, ही आबांच्या वडिलांपासूनची रीत. एवढ्यावर भागलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण सण संपला की आमच्या गळ्यातल्या सगळ्या माळा आबा गोळा करून ठेवायचे आणि पुढं दोन-अडीच महिने रोज गाठीचा खडा दाढेत धरून चहा प्यायचे. चहा बिनसाखरेचा. डॉक्टरांनी विचारलं की छाती पुढं काढून सांगायचे, "च्यात साखर घेत न्हाई म्या."

मी काय काय केलं नाही. माळा लपवून ठेवल्या, त्यांनी शोधल्या. भोरला घेऊन आले, तर पुढच्या वर्षी त्यांनी गुढी उतरवायच्या आधीच दोन माळा काढून शेळ्यांच्या औषधाच्या डब्यात ठेवल्या. तो डबा मला जुलैत सापडला. रागावले तर म्हणाले, "शेरडास्नी लागतं." नवऱ्याला सांगावं तर तो म्हणणार, "जाऊ दे गं, वर्षाचा सण आहे." वर्षाचा सण अडीच महिने चालतो, हे त्याला कधी दिसलंच नाही.

माझ्या ऑफिसात एक बाई आहे, ख्रिश्चन. तिच्या वडिलांनाही साखरेचा त्रास. ईस्टरला त्यांच्याकडं बदामाच्या लगद्याची गोड अंडी करायचे, रंगीत, वरून साखरेची नक्षी. ती दरवर्षी माझ्यासाठी दोन आणायची. दोन वर्षांपूर्वी तिनं आणली नाहीत. विचारलं तर म्हणाली, "करणंच बंद केलं. घरात असेल तर बाबा खाणार. घरात नसेलच तर काय खातील?"

मला ते इतकं पटलं की पुढच्या पाडव्याला मी गाठी आणलीच नाही. नवऱ्याला सांगितलं नाही, त्यानं विचारलंही नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही वाडीवर पोचलो. सकाळी उजाडताच नवऱ्यानं गुढी उभी केली. काठी, खण, कडुलिंब, आंब्याचा टहाळा, झेंडूची माळ, वर तांब्या. मी आबांना नाष्ट्याआधीची गोळी दिली आणि पोहे करायला आत वळले. तेवढ्यात त्यांनी मान वर करून गुढीकडं बघितलं.

"गाठी कुठं हाय?"

"या वर्षी नाही आणली, आबा."

"इसरली व्हय?"

"विसरले नाही. मुद्दाम आणली नाही. मागच्या रिपोर्टला डॉक्टर काय म्हणाले आठवतंय ना?"

"बरं," ते म्हणाले. आबा वाद न घालता बरं म्हणाले की घोटाळा असतो, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. पण मी खूश होऊन आत गेले.

पोह्यांची ताटली घेऊन बाहेर आले तर आबा नाहीत. शेळ्यांकडं असतील म्हणून पाहिलं, तर शेळ्या वाड्यात ओरडत होत्या. खुंटीवरचा सणासुदीचा पटका नव्हता. मोबाईल लावला, तो आतच फळीवर वाजला.

चुलत जावेला विचारलं. ती म्हणाली, "वडापच्या जीपनं गेलं की. मला म्हणलं, वेल्ह्यापातूर जाऊन आलो."

आणि मग मला गोळी आठवली. ती गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात खावंच लागतं. ती मी माझ्या हातानं दिली होती आणि माणूस उपाशी गेला होता.

आम्ही मोटरसायकल काढली. मागं बसून मी आबांवर चिडत होते, नवऱ्यावर चिडत होते आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. वेल्ह्यात गाठ्या विकणारा दुकानदार म्हणाला, "आले होते. माळा हातात घेऊन बघितल्या आणि ठेवून दिल्या. म्हणाले, ह्या पातळ हायती." नवरा हसला. मी त्याच्या पाठीत गुद्दा घातला. पुढं कुठं शोधायचं ते कळेना. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कापूरहोळच्या फाट्यावरून एक पंक्चरवाला बोलत होता. आबांच्या खिशात नंबराची चिठ्ठी मीच ठेवलेली होती, तेवढं एक शहाणपण माझ्या हातून झालं होतं.

"बाबा हितं माझ्याकडं बसल्यात," तो म्हणाला. "चक्कर आली होती. आता बरं हायत. पण तुमी या."

तासाभरानं आम्ही पोचलो. आबा दुकानापुढं एका जुन्या टायरवर बसले होते. पटका मांडीवर, गळ्यात गाठी. मधल्या पदकासकट निम्मी गाठी खाऊन झाली होती आणि उरलेली चालू होती.

पंक्चरवाल्यानं सांगितलं, "घामानं डबडबलं होतं बघा. हात थरथरत होतं, बोलणं पण जड झालं होतं. म्या पाणी दिलं, तर पिशवीकडं बोट दाखवाय लागलं. पिशवीत फाट्यावरच्या दुकानातनं घेतलेल्या ह्या माळा. एक तोंडात घातली तशी दहा मिनिटांत हुशारी आली."

मला रडू येत होतं आणि रागही. त्यांना तिथून थेट भोरला नेलं. सणाचा दिवस, पण आमच्या डॉक्टरांचा दवाखाना उघडा होता. त्यांनी बोटातून रक्त काढून तपासलं, सगळं विचारून घेतलं आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "गोळी घेऊन उपाशी राहिले, साखर एकदम खाली गेली. जवळ गोड होतं म्हणून निभावलं. नाहीतर बेशुद्ध पडले असते रस्त्यावर. यापुढं त्यांच्या खिशात काहीतरी गोड कायम असू द्या."

आबा सावकाश माझ्याकडं वळले. तो चेहरा मी जन्मात विसरणार नाही.

"गाठी चालंल का, डागदर?" त्यांनी विचारलं.

"चालेल की. एक तुकडा. चक्कर आल्यासारखं वाटलं तरच."

पहिला शब्द आबांनी ऐकला. पुढचे त्यांच्या कानापर्यंत पोचलेच नाहीत.

वाडीवर परत येईतो दुपार टळली होती. आबांनी कुणाला हात लावू न देता स्टुलावर चढून गुढीला गाठी बांधली, आमच्या गळ्यात माळा घातल्या आणि म्हाताऱ्या शेळीलाही पदक दिलं. मग जेवले. मी पुरणपोळी अर्धीच वाढली. ते हूं की चूं न करता जेवले, कारण त्या दिवशी ते जिंकले होते.

पुढं ईस्टर झाल्यावर ऑफिसातल्या त्या बाईला मी सगळी हकीकत सांगितली. ती ओशाळली. म्हणाली, "अगं, आमचे बाबा दोन्ही शेजाऱ्यांकडं जाऊन खात होते. मला आत्ता कळलं."

"मग मला कशाला सांगितलंस तसलं?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं ना."

आता गाठी मीच आणते, आणि बत्त्यानं फोडून तुकडे डबीत भरून ठेवते. डबी चुलत जावेकडं असते. आठवड्याला एक तुकडा, तोही जुना न खाता परत केला किंवा खरंच चक्कर आली असली तरच नवा. आबांचं म्हणणं, त्यांना आठवड्यातून पाच वेळा चक्कर येते. जावेनं विचारलं की चक्कर आली तेव्हा तुमी काय करत होता, तर सांगतात, "च्या पीत व्हतो."

गेल्या रविवारी वाडीवर गेले तेव्हा त्यांच्या शर्टाच्या खिशाला मुंग्यांची रांग लागली होती. साखर घामानं विरघळून कापडात मुरली होती. मी काही बोलायच्या आधीच ते म्हणाले, "डागदरनं सांगितलंय, कायम असू द्या म्हणून."

मी त्यांना शर्ट काढायला लावला, बाहेर जाऊन झटकला आणि दगडावर आपटून आपटून धुतला. जरा जास्तच आपटला.