थोडंसंच दुखतंय, डॉक्टर

आमच्या ह्यांनी जन्मात कधी "खूप दुखतंय" असं म्हटलं नाही. न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात नोकरी. एकदा लोखंडी दारात बोट चेंगरलं, नख निघालं, तरी घरी येऊन म्हणाले, "थोडंसं लागलंय." त्यांच्या घरातली रीतच ती. सासूबाईही तशाच होत्या. आपलं दुखणं सांगून दुसऱ्याला कशाला त्रास द्यायचा, आणि डॉक्टरांना तर मुळीच नाही. डॉक्टर येणार म्हटलं की हा माणूस उठून केस विंचरून बसायचा. अहो, तुम्ही काय मुलगी बघायला निघालात? मी चिडून विचारायचे, आणि हे भांग नीट करत राहायचे.

मी अगदी उलट. मला काटा टोचला तरी सगळ्या सोसायटीला कळतं. त्यामुळे इंग्लिश स्पीकिंगचा क्लास मला फार मानवला. मुलगी कोचीला दिलीय. विहीणबाईंना मराठी येत नाही, हिंदी येत नाही, मला त्यांची भाषा येत नाही. फोनवर आम्ही दोघी नुसत्या हसायचो. किती हसणार मेलं! म्हणून पनवेलला एसटी स्टँडजवळ, स्टेशनरीच्या दुकानाच्या वरच्या माळ्यावर नाव घातलं. शिकवणारे सर पोरसवदा, पण कडक. त्यांच्या वर्गात 'व्हेरी' म्हणायला बंदी. "व्हेरी म्हणजे आमटीत पाणी, मॅडम. व्हेरी बॅड पेन काय? एक्स्क्रुशिएटिंग पेन म्हणा! ऐकणाऱ्याच्या पोटात कळ आली पाहिजे." 'हाऊ आर यू'ला 'फाइन' म्हणायलाही बंदी. दर आठवड्याला असं एक जोरदार विशेषण मिळायचं आणि ते घरात येता-जाता वापरायचं.

मग काय, मी सुटलेच. "द हीट इज एक्स्क्रुशिएटिंग." "द ट्रॅफिक ॲट कळंबोली इज एक्स्क्रुशिएटिंग." वरच्या मजल्यावरचं ड्रिल मशीन, दुधवाल्याची बेल, गरम चहा, सगळं एक्स्क्रुशिएटिंग. सुरुवातीला जीभ अडखळायची, तर हे दाढी करता करता आतून सूर लावायचे, "एक्स्-क्रु-शि-ए-टिंग!" जेवायला बसले की विचारायचे, "आणि आजची भाजी?" मी म्हणायचे, "भाजी नाही, तुम्ही!" असे आम्ही या वयात खिदळत होतो.

ह्या मेमध्ये एका सकाळी हे बाथरूमच्या फरशीवर पोट धरून बसलेले सापडले. अंग घामाने थबथबलेलं. "ॲसिडिटी असेल. थोडंसं दुखतंय." मी ऐकून घेतलं नाही. रिक्षात घातलं आणि नवीन पनवेलमधल्या एका लहानशा हॉस्पिटलात नेलं. ॲडमिट करून घेतलं, सलाईन लावलं. हे टॉवेलचं टोक दातांत धरून पडले होते. डोळ्यांतून पाणी येत होतं, आवाज मात्र नाही.

बाहेर डॉक्टरांचा आवाज आला. झालं! टॉवेल उशीखाली गेला, हे कोपरावर उठले आणि पिशवीतला कंगवा काढून भांग पाडला. डॉक्टर तरुण, परगावचे, इंग्रजी-हिंदी बोलणारे. "पेन कैसा है, अंकल?"

"थोडासा. अभी ठीक है."

मी पुढे झाले. मराठीत कुणी ऐकणार नाही असं वाटलं, म्हणून क्लासमधलं सगळं बळ एकवटलं. "नो, डॉक्टर! ही हॅज एक्स्क्रुशिएटिंग पेन!"

वाक्य अगदी बिनचूक आलं होतं. डॉक्टरांनी चमकून बघितलंही. पण आमचे महाशय हसले. "डॉक्टर, शी गोज टू इंग्लिश क्लास. फॉर हर, टी इज ऑल्सो एक्स्क्रुशिएटिंग."

डॉक्टर हसले, सिस्टर हसली, शेजारच्या खाटेवरचा पेशंटसुद्धा हसला. डॉक्टरांनी पोटावरून जेमतेम हात फिरवला, गॅसचं इंजेक्शन लिहिलं आणि गेले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. वळून बघते तर टॉवेल परत दातांत.

"अहो, का? का असं करता?"

"अगं, त्यांना किती पेशंट असतात," एवढंच म्हणाले.

दुपारपर्यंत ह्यांचा चेहरा राखेसारखा झाला. सिस्टरला मी पुन्हा पुन्हा सांगत होते. ती बिचारी म्हणायची, "मावशी, डॉक्टरांनी बघितलंय ना? पेशंट स्वतः ठीक आहे म्हणतायत." आत गेले की हे डोळ्यांनीच मला दटावायचे, आरडाओरडा करू नकोस म्हणून. माणूस डोळ्यांदेखत हातातून चाललाय आणि तोच माझं तोंड दाबतोय! कुठे जाऊन डोकं फोडू?

संध्याकाळी डॉक्टर लिफ्टपाशी दिसले, खांद्याला बॅग, निघालेले. मी धावत जाऊन त्यांची बाही धरली. इंग्रजी सगळं पार उडालं. हिंदी-मराठीची खिचडी करून मी ओरडले, "डॉक्टर, वो झूठ बोलता है! तुम्ही आलात की तो केस विंचरतो. केस विंचरलेत म्हणजे बरा आहे असं समजू नका हो! एकदा गुपचूप या. पडद्यामागून बघा. पाया पडते तुमच्या."

लिफ्ट आली आणि गेली. डॉक्टर माझ्याबरोबर आले. पावलं न वाजवता आम्ही पडद्याशी उभे राहिलो. हे गुडघे छातीशी घेऊन पडले होते, तोंडात टॉवेल कोंबलेला, डोकं उशीवर आपटत होते. डॉक्टरांनी खसकन पडदा ओढला. आणि ह्यांचा हात, देवा रे, ह्यांचा हात कंगवा शोधायला लागला.

डॉक्टरांनी तो हात धरून खाली ठेवला. पोट दाबून बघितलं. पोट दगडासारखं कडक झालं होतं. "अंकल, सच बोलो. कितना पेन है?"

हे डॉक्टरांकडे नाही, माझ्याकडे बघत राहिले. मग हळू, एकेक तुकडा पाडून म्हणाले, "एक्स्-क्रु-शि-ए-टिंग."

या वेळी कुणी हसलं नाही. धावपळ झाली, पोटाचे एक्स-रे काढले, स्ट्रेचर आलं. आतडं फुटलं होतं, विष पोटभर पसरलं होतं. ऑपरेशन झालं, पण हे शुद्धीवर आलेच नाहीत. सगळे म्हणतात, सकाळीच कळलं असतं तर. कळलं असतं? मी घसा फोडून सांगत होते ना! मला त्यांचा इतका राग येतो की रडूसुद्धा धड येत नाही. भांडायला तरी परत या म्हणते मी फोटोला.

तेराव्यानंतर सरांचा फोन आला. त्यांना काही माहीत नव्हतं. मी हॉस्पिटलातून आणलेली पिशवी पहिल्यांदाच उघडली होती. कंगवा मांडीवर होता आणि टॉवेलच्या टोकाला दातांनी भोकं पडली होती.

"हाऊ आर यू, मॅडम? क्लासला दिसला नाहीत."

शब्द जिभेवर होता. पूर्ण वाक्य तयार होतं. त्यांना बिचाऱ्यांना कशाला त्रास, असं वाटलं.

"फाइन, सर," मी म्हटलं. "थोडंसं घरचं काम होतं."