कंदील जळत होता

मधुकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंगणघाटच्या बाजारात कोथिंबीर निवडत होतो. काकूंनी स्वतःच फोन केला होता. "राजू, काका गेले रे…" एवढंच बोलल्या. खरं सांगतो, मला आधी रडू आलं नाही. आधी भीती वाटली. जुडी तशीच टाकून मी शेजारच्या ओट्यावर बसलो. माझा धाकटा भाऊ संजू ज्या दुपारी विहिरीत गेला, त्या दुपारचं निम्मं ओझं उचलणारा माणूस गेला होता. आता ते सगळं माझ्या एकट्याच्या डोक्यावर येणार, याची ती भीती होती.

काका आमचे नात्यातले नव्हते. समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांचं किराणा दुकान होतं आणि त्यांचं शेत आमच्या शेताच्या बांधाला लागून. पुड्या बांधायला ते रद्दी घेत आणि फाडण्याआधी प्रत्येक तुकडा वाचून काढत. त्यातून त्यांच्याकडे जगभरच्या अजब गोष्टी गोळा झाल्या होत्या. मध चांगला राखला तर वर्षानुवर्षं नासत नाही. आपली मिरची मुळात आपली नाहीच, ती जहाजातून आली, त्याआधी इथली माणसं काळ्या मिऱ्यावर तिखटाची हौस भागवत. कपाशीचं फूल पहिल्या दिवशी पांढुरकं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं… ही शेवटची गोष्ट ऐकून आम्ही हसलो होतो. जन्मभर कपाशीत राबलेल्या आमच्यापैकी कोणाचंही तिकडे कधी लक्ष गेलं नव्हतं, मग दुसऱ्या सकाळी गुपचूप जाऊन पाहून आलो. काही गोष्टी अर्ध्यावरच तुटत. "पुढचं फाटलं आहे," असं काका प्रामाणिकपणे सांगत आणि साखर तोलायला लागत. संजू त्यांचं लाडकं गिऱ्हाईक. दुकानात शिरतानाच ओरडायचा, "काका, अर्धा किलो साखर अन् एक गोष्ट द्या!"

अशाच एका संध्याकाळी काकांनी खाणीतल्या पाखराची गोष्ट सांगितली. "कोळशाच्या खाणीत पह्यले पिंजऱ्यात पाखरू नेत. काई गॅस असा राह्यते का त्यात दिवा जळतच राह्यते अन् माणूस पडते. पाखरू आधी पडे, मंग माणसं पळत." त्यावर संजू म्हणाला, "मंग पाखराचा पगार कोण घे?" सगळं दुकान हसलं. मीही हसलो. काका तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले होते.

तो उन्हाळा फार कडक होता. विहिरीचं पाणी तळाला गेलेलं, गाळ काढायचा होता, म्हणून उरलेलं पाणी उपसायला डिझेल इंजिन दोरानं आत सोडून मधल्या टप्प्यावर बसवलं होतं. सकाळभर ते चालू होतं, धूर आतच कोंडत होता. दुपारी बंद केलं, आणि संजू उतरायला निघाला. आम्ही काही आंधळेपणानं उतरत नव्हतो. आमच्याकडे विहिरीत माणूस उतरायच्या आधी कंदील सोडायची रीत आहे. कंदील विझला तर हवा वाईट, जळत राहिला तर खुशाल उतरा. आजोबांपासून हेच चालत आलेलं. संजूनं स्वतः कंदील सोडला, तो टप्प्याच्याही खाली गेला आणि छान जळत राहिला. "पाह्य, झकास!" असं म्हणून तो भराभर उतरला. टप्प्यावर पोचला, इंजिनाला हात लावला, आणि तिथंच वाकला. मला वाटलं काही शोधतोय. मग तो आडवा झाला.

मी एक पाय पायरीवर टाकलाही होता. तेवढ्यात मागून कोणीतरी कमरेला मिठी मारून मला ओढलं. आरडाओरड ऐकून काका बांधावरून पळत आले होते. मी लाथा झाडत होतो, शिव्या देत होतो, आणि तो माणूस माझ्या कानात ओरडत होता, "उतरू नको! खाणीत दिवा जळते अन् पाखरू मरते! दिवा जळते अन् पाखरू मरते!" मला वाटलं म्हाताऱ्याला वेड लागलं. भाऊ डोळ्यांसमोर पडलाय आणि हा दुकानातली गंमत सांगतोय! खाली कंदील अजून जळत होता. संजूचं तोंड मला त्या उजेडात दिसत होतं… ते अजूनही दिसतं. लोकांनी कडुलिंबाच्या फांद्या दोराला बांधून आत खालीवर केल्या, बादल्यांनी पाणी ओतलं, हवा हलवली. मग शेजारचा एक जण कमरेला दोर बांधून उतरला. किती वेळ गेला ते मला आजही सांगता येत नाही. काकांनी शेवटपर्यंत मला सोडलं नाही. संजू वर आला तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं.

माझ्या मायनं काकांशी बोलणं टाकलं. "त्यानं माह्या एका पोराले धरून ठेवलं अन् दुसऱ्याले मरू देल्लं," असं ती चारचौघांत म्हणायची. मीठसुद्धा ती गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानातून आणायची. काकांनी कधी उलट शब्द काढला नाही. फक्त त्यांच्या गोष्टी बंद झाल्या. रद्दी न वाचता फाडायला लागले. त्या संध्याकाळी हसण्यावारी नेलेली गोष्ट आम्ही विहिरीत इंजिन बसवताना आपल्याला का आठवली नाही, हे त्यांना खात असावं. दर उन्हाळ्यात कुठंही विहिरीचा गाळ निघतोय असं कळलं की हा माणूस खांद्यावर दोर टाकून हजर. इंजिन आत ठेवू नका, दोर बांधल्याशिवाय उतरू नका, एक पडला तर दुसऱ्यानं धावू नका. लोक वैतागत, पण ऐकत. स्वतः मात्र ते कठड्यापासून चार हात लांब उभे राहत. आत डोकावून पाहत नसत.

माझीही तीच गत होती. विहीर सोडा, लिफ्टमध्ये शिरताना मला घाम फुटतो. रात्री बायको उगीच गप्प झोपली तरी तिच्या नाकाशी हात धरून पाहतो. आणि या सगळ्याच्या तळाशी एकच प्रश्न होता. मी उतरलो असतो तर संजू वाचला असता का? तो काकांना विचारायची माझी कधी छाती झाली नाही. "हो" म्हणाले तर काय करायचं?

शेवटी विचारला. काकांचं फुप्फुस कामातून गेलं होतं, उशीला टेकून बसल्या बसल्या त्यांना धाप लागत होती. मी विचारलं आणि लगेच वाटलं, नको होतं विचारायला.

"मले मालूम नाई रे बापा," ते म्हणाले. "रोज इचार करतो. कंदील इझला असता तर मलेबी धीर आला असता. पण तो तर जळून राह्यला होता ना… एका रद्दीच्या कागदावर मी तुले धरलं. पक्कं मले काईच मालूम नव्हतं."

मी घरी कसा पोचलो ते आठवत नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं, निदान त्यांना तरी खात्री होती. त्या खात्रीच्या आधारानं मी जगत होतो. ती नव्हतीच! त्यानंतर थोड्याच दिवसांत तो फोन आला.

काकांच्या तेरवीला माय आली नाही. मी एकटाच गेलो, परत आलो, आणि मला ते पोटात ठेववेना. ती गोठ्यात होती. मी उभ्यानंच सांगून टाकलं की काकांना काही ठाऊक नव्हतं, नुसत्या अंदाजानं त्यांनी मला धरलं होतं. सांगून झाल्यावर वाटलं, आता ही त्या गेलेल्या माणसालाही शिव्या देणार, किंवा मला म्हणणार, मग तू त्याले झटकून काऊन नाई देल्लं?

माय गाईच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "मालूम नव्हतं, तरीबी सोडलं नाई ना त्यानं तुले?"

"नाई."

"मंग झालं," ती म्हणाली, आणि पदरानं तोंड पुसून बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी ती काकूंकडे जाऊन बसली. काय बोलल्या ते मी विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात आमच्या विहिरीचा गाळ काढायला झाला. गड्यांना पाठवता आलं असतं, पण मायनं विचारलं, "तू जातं?" आणि मी हो म्हणून बसलो. इंजिन आत नव्हतं, फांद्यांनी हवा हलवून झाली होती, कमरेला दोर होता, दोराला दोन धट्टेकट्टे शेजारी होते. तरी पहिल्या पायरीवर मी दोराची गाठ पुन्हा पुन्हा चाचपली. माय कठड्यावर ओणवी झाली होती. "बोलत राह्यजो," ती म्हणाली. खालचा माणूस गप्प झाला की काही न विचारता वर ओढायचा, हाही काकांचाच नियम. मी पायऱ्या मोजत, जे सुचेल ते बडबडत उतरलो. टप्प्यावर पाय टेकला, आणि माझा आवाज बंद झाला. इथंच… दगड तोच होता.

"राजू!" वरून किंकाळीच आली. "बोल! बोल रे!" कमरेचा दोर ताणला गेला.

मला स्वतःचं असं काहीच सुचलं नाही, आठवली ती काकांच्या रद्दीतली एक गोष्ट. मी ओरडलो, "माय, गाईले समोरचे वरचे दातच नसते!"

दोर सैल झाला. मग तिचा रडवेला, पण चिडकाही, आवाज आला.

"ते मले मालूम आहे. दुसरं सांग."