पहिला तुकडा विहिणीला

जर्मनी या विषयावर आमच्या घरात शेवटचा शब्द माझा असतो. मी तिथे राहून आलोय. ऑफिसने एका मशीनच्या ट्रेनिंगसाठी मला तीन आठवडे पाठवलं होतं. त्या तीन आठवड्यांत मी खोलीवर मेतकूट-भातच खाल्ला (कुकर आणि मेतकूट शुभाने, म्हणजे माझ्या बायकोने, बॅगेत कोंबलं होतं), पण जर्मन हवेत खाल्ला! तेव्हापासून पार्ल्यात कुणाकडे नळ गळला तरी "जर्मनीत असं होत नाही" हे मी आवर्जून सांगतो.

त्यामुळे आमच्या रेवाने लग्न ठरवल्यावर दोन्ही घरांची पहिली भेट अंधेरीच्या जर्मन पबमध्ये करायची, हे मीच जाहीर करून टाकलं.

"बाबा, मंदारच्या आईला साधं मालवणी हॉटेल चालेल," रेवा म्हणाली.

"मालवणी त्या रोजच खातात. आपण काय आहोत ते कळू दे ना त्यांना!"

"त्याचीच तर भीती आहे," शुभा म्हणाली.

मंदारचे वडील साळवी बोटीवर नोकरीला, म्हणून ते समुद्रात होते. बोरिवलीहून येणार होते फक्त मंदार आणि त्याची आई. "त्या एकदम सरळ बोलतात," रेवाने रिक्षात मला बजावलं, "आणि त्यांना थापा अजिबात खपत नाहीत. प्लीज, बाबा." थापा! सख्खी मुलगी बापाच्या परदेशवारीला थापा म्हणते!

पब झकास होता. लाकडी बाकं, टोपीत पीस खोचलेले वेटर आणि डोक्याएवढे मग. विहीणबाई पैठणी नेसून आल्या होत्या. वेटर मेनूकार्ड वाटायला लागला, तसा मी हात वर केला.

"राहू दे. मी आहे."

मी झोकात ऑर्डर दिली. बटाट्याचं सॅलड आलं, आंबवलेला कोबी आला आणि पाठोपाठ लाकडी फळीवर हातभर लांबीचं चिकन सॉसेज आलं. (मेतकूट-भाताला सुरी लागत नाही, हे मला त्या क्षणी आठवलं.) सगळे माझ्याकडे बघत होते. मी काटा रोवला, सुरी टेकवली आणि जोर लावला.

सॉसेजचा तुकडा उडाला. लिंबू सोड्याच्या मगावरून गेला आणि विहीणबाईंच्या ताटातल्या सॅलडमध्ये जाऊन रुतला. सॅलडचा शिंतोडा पैठणीच्या पदरावर!

रेवाने डोळे मिटून घेतले. पोरीचं लग्न माझ्या सुरीने मोडतंय की काय, या विचाराने माझ्या तोंडातून शब्द निघून गेले.

"तिकडे पद्धतच आहे ही! पहिला तुकडा विहिणीच्या ताटात."

"फेकून?" विहीणबाईंनी विचारलं.

"फेकूनच! हातात दिला तर अपमान समजतात."

शुभाने टेबलाखालून माझा पाय तुडवला. विहीणबाईंनी नॅपकिनने पदर पुसला आणि पर्समधून मोबाइल काढला.

"थांबा हां, जोशीसाहेब. आमचे हे बोटीने जर्मनीला जाऊन आलेत. ह्यांनाच विचारते."

वाट लागली! व्हिडिओ कॉल लागला. पडद्यावर नारिंगी बॉयलर सूटमधले साळवी दिसले, मागे समुद्र.

"अहो, ऐकलात? जर्मनीत पहिलो तुकडो विहिणीच्या ताटात फेकतत काय?"

साळवींनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. नेटवर्क जावं म्हणून मी मनात गणपतीला साकडं घातलं.

"व्हय तर!" साळवी म्हणाले. "हॅम्बुर्गाक सगळे असाच करतत!"

विहीणबाईंचा चेहरा खुलला. "मग आमच्याकडून परत नको का?" म्हणत त्यांनी एक तुकडा काट्यावर घेतला आणि असा भिरकावला की तो थेट माझ्या कोबीत! मंदारने टाळी वाजवली. शेजारच्या टेबलावर वाढदिवसाची पार्टी चालली होती. तिथली पोरं "अंकल, ये क्या है?" विचारत आली. मी समजावून सांगितलं. (विचारल्यावर सांगायला नको?) त्यांच्यात विहीण कुणीच नव्हती, मग त्यांनी बर्थडे गर्लला विहीण केलं. बघता बघता चार टेबलांवर तुकडे उडू लागले, आणि वेटर कौतुकाने बघत उभा राहिला. माझी छाती फुगली. रेवाचाही भयंकर अभिमान वाटला. असं दिलदार सासर शोधायला नजर लागते, आणि ती तिला माझ्याकडून मिळालीय.

दुसऱ्या दिवशी साळवींचा फोन आला.

"जोशीसाहेब, ती पद्धत खरी आहे ना हो? मी बंदरात उतरतो तो सिमकार्ड घ्यायला. जेवण बोटीवरच. आमचा आचारी रत्नागिरीचा, रोज आमटी-भात. बायकोला मात्र लग्नापासून जर्मनी सांगत आलोय. तुम्ही जाणकार म्हणून मी हो म्हटलं."

"शंभर टक्के खरी," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

साळवी सुट्टीवर आले तेव्हा सगळे पुन्हा त्याच पबमध्ये गेलो. जर्मनीचे दोन जाणकार शेजारी शेजारी बसलो. सॉसेज आलं. विहीणबाई पुन्हा पैठणीत होत्या, म्हणून या वेळी मी तुकडा अलगद कापला आणि काट्याने हळूच त्यांच्या ताटात ठेवला. तेवढ्यात एक नवा वेटर धावत आला.

"काका, काका! असं नाही. फेकायचा असतो! ठेवला तर अपमान होतो. जर्मन पद्धत आहे, आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलीय."

त्याने काटा माझ्या हातातून घेतला, मनगट कसं वळवायचं ते दाखवलं आणि माझ्याकडून दोनदा करून घेतलं. टेबलावर सगळे पोट धरून हसत होते. मी मोठ्या आशेने व्याह्यांकडे बघितलं.

साळवींनी वेटरच्या पाठीवर हात ठेवला. "सांभाळून घे रे बाबा," ते म्हणाले. "पार्ल्याच्या बाहेर फारसे गेलेले नाहीत ते."