लग्नाला घालायचे दात

किशोरचा फोन सकाळीच आला. किशोर म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा मुलगा. "मावशी, माय गयी... उठाडाले गऊ ते उठनीच नही," एवढंच तो बोलला. तळोद्याहून मी तापीकाठच्या त्यांच्या गावी पोहोचले तोवर अंगणात माणसं जमली होती. आक्काला ओसरीत ठेवलं होतं, अंगावर नवं लुगडं होतं. मी तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि दचकले. गेलं वर्षभर आत ओढले गेलेले तिचे गाल भरलेले दिसत होते. सुनेनं, रेखानं, कपाटातली कवळी काढून तिच्या तोंडात बसवली होती. ती नीट बसली नव्हती, वरचा ओठ जरा उचलला गेला होता. "फोटोमा चांगलं दिसी," शेजारची एकजण हळूच म्हणाली. मला रडू यायच्या आधी राग आला. आता दीड महिना होत आला, तरी तो उतरलेला नाही.

त्या दिवशी आणि पुढे तेराव्यापर्यंत जो येई तो एकच वाक्य टाकून चहा पिऊन जाई. "वय व्हयेल व्हतं. सोनं व्हयनं." चौऱ्याहत्तर वर्षांची होती माझी बहीण. चौऱ्याहत्तर हे मरायचं वय आहे हे कोणी ठरवलं? घरचा ट्रॅक्टर अडून बसला तर त्याच्या वयाकडे बोट दाखवून कोणी गप्प राहत नाही, मेकॅनिक शोधतात, भाग बदलतात. घरातली म्हातारी बाई हळूहळू वाळत गेली तर मात्र वय हे एक कारण साऱ्या गावाला पुरतं. आक्का वयानं गेली असेलही, मी डॉक्टर नाही. पण शेवटची दोन वर्षं तिच्या पोटात काय जात होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि ते वयानं केलेलं नव्हतं.

आम्ही दोघी भुईमुगाच्या घरात वाढलो. पेरणीआधी बियाण्याच्या शेंगा हातानं फोडायच्या, म्हणजे दाणा दुखावत नाही. वैशाखात ओसरीवर शेंगांचा ढीग पडे आणि गल्लीतल्या बायका भोवती बसत. वडिलांचा एक नियम होता, "सोलनारीना तोंडले मोजमाप नही." बसल्या जागी हवे तितके दाणे खा, घरी मात्र एकही न्यायचा नाही. आक्का सगळ्यांत जास्त सोलायची आणि सगळ्यांत जास्त खायची. माझ्या अंगठ्याची कातडी निघायची, ती मला हसायची. तिथं लागलेली सवय लग्नानंतरही सुटली नाही. दुपारची भांडी झाली की तव्यावर मूठभर दाणे भाजायचे, सालीसकट, बिनमिठाचे, सोबत गुळाचा छोटा खडा, आणि मागच्या ओट्यावर बसून सावकाश चावायचे. नवरा लवकर गेला. कापूस, केळी, मजूर, कोर्टातला बांधाचा वाद हे सगळं तिनं एकटीनं ओढलं, पण दुपारची ती मूठ सोडली नाही. पासष्टीतही विहिरीवरून घागर आणताना तिचा पाय डगमगायचा नाही. शेंगदाण्यानं माणूस अमर होतो असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणते की तिनं स्वतःला सांभाळायची एक रीत शोधली होती आणि ती तिला मानवत होती.

मग दात गेले. किशोरनं नंदुरबारला नेऊन कवळी करून आणली, त्याबद्दल त्याला नावं ठेवणार नाही. त्या उन्हाळ्यात खापर गावी जवळच्या नात्यातलं लग्न होतं. तिथं आक्का कवळी घालून अशी हसली, अशी जेवली की मला बरं वाटलं. दोन महिन्यांनी मी तिच्याकडे गेले तर ती चहात टोस्ट बुडवून चोखत होती. कवळी कुठाय विचारलं तर म्हणाली, कपाटात शे. पैठणीच्या घडीत, फडक्यात गुंडाळून ठेवलेली!

"रोज घालसू ते घसाई जाई, शकू. मंग लगीनमा काय घालसू?"

मी कपाळावर हात मारला. "लगीनमा दाखाडाले दात आन घरमा जेवाले हिरड्या?" असं म्हटलं तर सगळे हसले, रेखाही हसली. पण यात हसण्यासारखं काय होतं? चौकशी केली तर त्या गल्लीतल्या आणखी दोघींची हीच तऱ्हा. आमच्याकडे कवळी हा दागिना आहे. ठेवणीतली सोन्याची पोत जशी रोज घालून झिजवायची नसते तशी कवळीही. पुरुष मात्र कवळी रोज घालतात, पारावर बसून चिवडा खातात, त्यांची झिजत नाही. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे असं आपण म्हणतो. आक्काकडे खायचे उरलेच नव्हते. मी रागावून, शपथ घालून तिला कवळी लावायला लावली, तेव्हा ती टोचू लागली. नंदुरबारच्या दातांच्या डॉक्टरनं सांगितलं, इतके दिवस न घातल्यानं आता बसत नाही, दुरुस्त करून घ्या. किशोर म्हणाला, केळीची काढणी झाली की जाऊ. काढणी झाली, पुढचा हंगाम आला... कवळी पुन्हा पैठणीत गेली.

त्यातच तिचा रक्तदाब वाढला. गावाकडच्या डॉक्टरनं खारे शेंगदाणे, लोणचं, पापड बंद करायला सांगितलं. घरी येईपर्यंत 'खारे' हा शब्द वाटेतच कुठेतरी गळाला आणि शेंगदाणेच बंद झाले. किशोरच्या मोबाइलवर कुणीतरी पाठवलेलंही होतं की दाण्यांनी चरबी वाढते. बदल्यात आक्काला काय मिळू लागलं? खारी, टोस्ट, बिस्किटं. म्हणजे मीठ, साखर आणि मैदा, दिवसातून तीन वेळा, साखरेच्या चहात बुडवून. यावर कुणाच्या मोबाइलला काही म्हणायचं नव्हतं. घरात बदाम नव्हते असंही नाही. नात अभ्यास करते म्हणून तिच्यासाठी रोज वाटीत भिजत असायचे. यातले दोन सोलून आईलाही दे, असं मी रेखाला म्हटलं तर उत्तर आक्कानंच दिलं, "मले कसाले? मले काय परीक्षा देनी शे?" उठून मोरीपर्यंत जाणं हीच तिची रोजची परीक्षा होऊन बसली होती, आणि त्या परीक्षेसाठी तिला कुणी काही खाऊ घालत नव्हतं.

मी स्वतः त्या डॉक्टरकडे गेले. भला माणूस होता. तो म्हणाला, "अहो, मी मीठ बंद केलं, दाणे कुठे बंद केले? बिनमिठाचे मूठभर दाणे, बदाम, अक्रोड, जे परवडेल ते या वयात रोज पोटात गेलं तर चांगलंच. हृदयाला चांगलं, अंगात ताकद राहते. चावता येत नसेल तर बारीक कूट करून द्या, दुधात कालवून द्या. नुसते गिळू देऊ नका, घशात अडकतील." इतकं साधं होतं सगळं. मी तळोद्याला घरी येऊन दाणे भाजले, बारीक कूट केलं, थोडे बदाम, आपल्या डोंगरातली चारोळी त्यात वाटून घातली, डबा भरून नेला आणि रेखाच्या हातात दिला. रोज दोन चमचे दुधातून, फक्त आईला, असं तीनदा बजावलं. पंधरा दिवसांनी गेले तर डबा घासून पालथा घातलेला.

"वांगानी भाजी कयी त्याम्हा टाकं, मावशी. पाव्हना व्हतात," रेखा म्हणाली. तिच्या डोळ्यांत खरोखरच काही वाईट नव्हतं. कूट म्हणजे भाजीला घालायचं, एवढंच तिला आयुष्यभर ठाऊक होतं. माझा आवाज चढला. खाटेवरून आक्काच म्हणाली, "ऱ्हाऊ दे ना शकू. भाजी चांगली व्हयनी व्हती." रस्सा भाकरीत कुस्करून तिनंही खाल्ला होता, म्हणजे तिच्या वाट्याला बोटभर कूट आलंही असेल. मग मी किशोरवर तुटून पडले. आईला मिक्सरमध्ये दोन चमचे दाणे फिरवून देता येत नाहीत का, असं विचारलं. तो मान खाली घालून म्हणाला, "मावशी, आम्ही तिले उपाशी ठेवतस का?" नाही, उपाशी ठेवलं नाही. अंघोळ घातली, धुतलेलं लुगडं दिलं, औषध वेळेवर दिलं. पण उपाशी न ठेवणं आणि खाऊ घालणं यात अंतर आहे, आणि त्या अंतरात माझी बहीण वाळली. शेवटी भेटले तेव्हा तिला खाटेवरून उठायला दोघींचा आधार लागला. घागर आणणारा तो दंड माझ्या मुठीत मावत होता. ती म्हणाली, "तू जेवनी का?" मी मान हलवली.

तेरावं झालं. पाहुणे गेले. मीही निघणार होते, पण गाडीला वेळ होता म्हणून स्वयंपाकघरात डोकावले. रेखा सगळ्यांच्या मागून जेवायला बसली होती. भाकरी चहात बुडवून डावीकडच्या बाजूनं चघळत होती. पन्नाशीची बाई. जवळ बसून मी तिला तोंड उघडायला लावलं. उजवीकडच्या दाढा गेलेल्या, कधी गेल्या हे तिच्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं. मी फळीवरच्या बरणीतून दाणे काढले, भाजले, मिक्सरमधून काढले, गूळ घातला आणि वाटी तिच्यापुढे ठेवली. तिनं झाकण शोधायला सुरुवात केली.

"ऱ्हाऊ द्या, मावशी. पाव्हना घर उनात ते लागतीन."

तेरा दिवसांचा माझा सगळा राग तिच्यावरच होता, हे मी लपवत नाही. त्या क्षणी तो कुणावर करावा तेच मला कळेना. माझ्या आईनंही असंच झाकून ठेवलं असणार, तिच्या सासूनंही. मी झाकण तिच्या हातातून काढून घेतलं.

"पाव्हनास्ले काय द्यानं ते मी पाहसू," मी म्हटलं. "तू मन्हा समोर खाय."

ती खाली मान घालून एकेक चिमूट तोंडात टाकू लागली. गाडी गेल्याचं किशोर बाहेरून ओरडून सांगत होता. मी वाटी रिकामी होईपर्यंत तिथून उठले नाही.