चार मोकळ्या तारा

परवा नळाचं पितळी तोंड कानशीने घासताना बोटांना तोच जुना वास आला आणि मी थेट नगरच्या लेथवाल्या मिस्त्रीकडे पोचलो. एकोणीसशे सत्तरच्या सुमाराला मी एका ऑर्केस्ट्रात चार तारांची इलेक्ट्रिक बेस गिटार वाजवायचो, म्हणजे गळ्यात अडकवायचो. तिचा पत्र्याचा ब्रिज, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी, खडखडे, म्हणून विहिरीच्या पंपाचे भाग करणाऱ्या त्या मिस्त्रीकडून जाड पितळी ब्रिज करून घेतला. जुनी भोकं सैल झालेली, म्हणून मी हुशारीने तो बोटभर मागे, कोऱ्या लाकडात बसवला. संध्याकाळी साखर कारखान्यावर गणपतीचा कार्यक्रम होता आणि गिटारीला ‘खूळ’ म्हणणारे वडील पहिल्यांदाच ऐकायला आले होते. कार्यक्रमाआधी तारा सुरात लागल्या, पण दांडीवरच्या पडद्यावर बोट ठेवलं की प्रत्येक स्वर उतरलेला! ब्रिज मागे गेल्याने तारा लांबल्या होत्या आणि पडदे जुन्याच मापाचे होते. मला रडू फुटायचंच बाकी होतं. आमचे अकॉर्डियनवाले म्हणाले, “आरं, मोकळ्या तारा सुरात हायेत न्हवं? मग बोटं लावूच नको. तुझ्या चार सुरांत बसतील अशीच गानी घेतो मी.” कार्यक्रमभर मी तेवढे चारच स्वर घुमवले. परतताना वडील म्हणाले, “बरं वाजवलंस. बाकीच्यांवानी उगा बोटं न्हाई नाचवली.” ब्रिज मी दुसऱ्याच दिवशी पुढे सरकवला. वडील आता पंच्याण्णवचे आहेत, पण खरं काय ते अजून सांगवत नाही; गिटारीबद्दल त्यांच्याकडून मिळालेली तेवढी एकच शाबासकी आहे.